पन्नास मीटरचं शेततळं

कडूबा : टाच रोव ना पोरी! टाच रोव अन् ये वर.

पुष्पांजली : कशात रोवू, बाबा? प्लास्टिक आहे ते. वरून शेवाळ. पाय ठेवला की सुर्रकन खाली. हे पाहा... पाह्यलं? चौथ्यांदा आली खाली.

कडूबा : कमाल हाय बा! नॅशनलचे तीन-तीन गोल्ड मेडल तुह्या नावावर, अन् बापाच्या शेततळ्यातून निंघता येत नाही तुले?

पुष्पांजली : मेडल पोहण्याचे आहेत. निघण्याचे नाही. तिथं निघाले शिडी असते.

कडूबा : थांब मंग. मीच येतो हात द्याले.

पुष्पांजली : बाबा! मांगं व्हा! तारेच्या आत पाऊल टाकू नका. तुम्हाले पोहता येते का?

कडूबा : मले नाही येत. पण तू हायेस ना आत.

पुष्पांजली : मले माझं निघता येईना, तुम्हाले कुठून काढू? मंग दोघंही इथंच. उद्या गाव जलपूजनाले येईल अन् नारळ आपल्याच डोक्यावर फोडेल.

कडूबा : बरं बरं, झालो मांगं. ओरडू नको. रेल्वेत लागली तवापासून आवाज बी इंजिनाचा झाला तुहा.

पुष्पांजली : दोर कुठं आहे? शेततळ्यात चारी बाजूले दोर सोडतात, टायरच्या ट्यूबा सोडतात. प्लास्टिकवाल्यानं सांगितलं नाही तुम्हाले?

कडूबा : सांगितलं ना. लावून बी देल्ले होते त्यानं. मीच काढले.

पुष्पांजली : काऊन?

कडूबा : काऊन काय? उद्या पेपरवाला येऊन राह्यला संग्रामपूरहून. नॅशनल चॅम्पियनच्या तलावात टायरच्या ट्यूबा लोंबून राह्यल्या, बरं दिसते का ते फोटोत?

पुष्पांजली : अन् दोर?

कडूबा : दोराची मोजपट्टी केली. चारी दोर जोडले, मीटर-मीटरवर गाठ मारली, अन् तळं मोजलं. मोजलं अन् दोर घरी नेला. कोठ्यात टांगला हाय. तुह्या मायले फोन लावला मी, घेऊन येऊन राह्यली. पायी येते, अर्धा घंटा लागन तिले.

पुष्पांजली : अर्धा तास!

कडूबा : तुले काय जड हाय वं? तिकडं पाच-पाच घंटे राहत होती पाण्यात. गार लागते का?

पुष्पांजली : गार नाही. हिरवं आहे.

कडूबा : ते चांगलं असते आंगाले.

पुष्पांजली : काय चांगलं? बेडूक आहे इथं एक. मघापासून माझ्याकडं पाहून राह्यला.

कडूबा : पाहू दे. त्यानं बी कवा चॅम्पियन पाह्यला असन? बरं, ते सोड. तुहा मघाचा टाइम सांगू का? ह्या घड्याळात पाह्य. चोवीस सेकंद! चोवीसच्या वर थोडंसं. अन् तुहा आजलोकचा बेस्ट किती? सत्तावीस! अवं, तीन सेकंद कमी केले तू माह्या वावरात. हिंदुस्थानात कोनती पोरगी पोहली असन एवढी?

पुष्पांजली : कोणीच नाही. कारण तळं आखूड आहे, बाबा.

कडूबा : आखूड? पन्नास मीटर हाय! पन्नास गाठी मोजल्या मी. दुसरं टोक शेजारच्या उकंडरावनं धरलं होतं, त्याइले विचार.

पुष्पांजली : कुठं धरलं होतं?

कडूबा : काठावर. अजून कुठं धरतीन?

पुष्पांजली : अन् पाणी काठावर आहे का? तळ्याच्या बाजू उतरत्या आहेत. परात असते ना, तशा. वरच्या काठाले पन्नास असेल, पण पाणी आहे तिथं पंचेचाळीसही नाही. पन्नास मीटरले मी चाळीस हात मारते. इथं छत्तीसातच पोचली. सोळा वर्षं हात मोजून राह्यली मी, त्यात चूक नाही होत.

कडूबा : नाचता येईना, अंगण वाकडं.

पुष्पांजली : वाकडं कुठं म्हणलं मी? अंगण आखूड आहे.

कडूबा : मले काय समजत नाही का ते? म्हनून त मोटर बंद ठेवली मी! पंधरा दिवसाखाली पाह्यलं, पाणी हातभर उतरलं अन् तळ्याची लांबी कमी झाली. म्हनलं, असं होत राह्यलं त उन्हाळ्यापर्यंत बादली उरन. त्या दिवसापासून एक थेंब काढू देला नाही कोनाले.

पुष्पांजली : मग संत्र्याले पाणी?

कडूबा : सोसतात.

पुष्पांजली : मार्च महिन्यात? झाडावर फळ आहे, बाबा!

कडूबा : झाडाले काय नॅशनलले जायचं हाय का? तू संत्र्याची काळजी करू नको. ते तुही माय करते. रोज सकाळी भांडते माह्यासंग, तिचं बराबर चालू हाय. तू फक्त पोहायचं. रेल्वेतून तीन महिन्याची सुटी घे. घरचं दूध, घरची भाकर, अन् हे हिवाळ्यात नाल्यातून भरलेलं निव्वळ पाणी. त्या पुण्याच्या औषधाच्या पाण्यानं केस पाह्य कसे झाले तुहे, कडब्यावाणी. तीन महिने इथं घोटून तयारी, अन् मंग चौथं गोल्ड! उद्या माइकवर तेच सांगनार हावो मी. उकंडरावनं मंडप टाकला, चारशे लोकाइचं जेवण...

पुष्पांजली : बाबा, उद्या ते सांगू नका.

कडूबा : नजर लागन म्हन्ते का?

पुष्पांजली : मी पोहणं सोडलं.

कडूबा : काय?

पुष्पांजली : सोडलं मी पोहणं. स्पर्धेचं.

कडूबा : मंग आत्ता पाण्यात काय करून राह्यली तू?

पुष्पांजली : अडकली आहे!

कडूबा : हे बोलणं झालं का? हे सांगाची जागा हाय का ही? बाहेर येऊन सांगता येत नव्हतं तुले?

पुष्पांजली : पाच दिवस झाले मी बाहेरच आहे, बाबा! येऊन पाच दिवस झाले. रोज ठरवते, आज सांगीन. सकाळी चहा घेताना तुम्ही तळ्याची गोष्ट काढता. जेवताना तळं. काल मी तोंड उघडलं तर तुम्ही म्हणाले, आधी आयक, पाण्यात तुरटी टाकली त निळं दिसन का? आज बरं सापडले. मले इथून निघता येत नाही अन् तुम्हाले मले टाकून जाता येत नाही.

कडूबा : कवा सोडलं?

पुष्पांजली : दिवाळीच्या आधी. शेवटची स्पर्धा झाली त्याच दिवशी ठरवलं.

कडूबा : त्या स्पर्धेत त फायनलले होती तू! तूच फोनवर सांगितलं.

पुष्पांजली : होती ना. आठ जणी होत्या. मी सातवी आली.

कडूबा : हे नाही सांगितलं!

पुष्पांजली : तुम्ही 'फायनल' आयकलं अन् फोन ठेवला. पंधरा मिनिटात उकंडरावकाकांचा अभिनंदनाचा मेसेज आला मले, गुलाबाच्या फुलासकट.

कडूबा : सातवी आली त आली! दरसाल पीक सारखं येते का? एक साल जाते खराब. म्हनून काय कोनी वावर विकते?

पुष्पांजली : खांदा गेला माझा. दोन इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणते, आता पुढं कापावं लागेल. रात्री त्या कुशीवर वळली की जाग येते.

कडूबा : तेल लावू. अकोटले एक मानूस हाय, गरम करून असं चोळते, बैल बी उठून उभा राहते.

पुष्पांजली : बाबा, बैल नाही मी. अन् नुसता खांदा नाही. त्या दिवशी पहिली आली ती सोळा वर्षांची होती. शर्यत झाली अन् ती मले शोधत आली, पाया पडली. म्हणे, मॅडम, मी पाचवीत होती तेव्हापासून तुमचा फोटो आहे माझ्या कपाटावर.

कडूबा : मंग? चांगलीच गोष्ट हाय की.

पुष्पांजली : हो. मलेही चांगलीच वाटली. राग नाही आला, वाईट नाही वाटलं. तिथंच समजलं की झालं आपलं. ज्याले हरल्याचं वाईट वाटत नाही त्यानं कशाले उभं राहायचं उडी मारायच्या त्या पाटीवर?

कडूबा : अवं, तू अशी नव्हती! बारा वरसाची होती तवा तालुक्यात पह्यली आली तू. जिल्ह्यात पह्यली आली. कोन होतं तुह्या मांगं? कोन होतं शिकवाले?

पुष्पांजली : तालुक्यात कोणीच नव्हतं, बाबा. मी एकटीच होती.

कडूबा : एकटी असली म्हनून काय झालं? पह्यला नंबर तो पह्यला नंबर.

पुष्पांजली : पोहलीच नाही मी! सरांनी फॉर्म भरला, दुसऱ्या कोण्या शाळेचं नावच नाही, झाली तालुका चॅम्पियन. जिल्ह्यात तिघी होत्या. एकीची बस चुकली, एकीले सर्दी. तिथंही कोरडीच. अंगाले पाणी न लागता बुलढाणा जिल्ह्यात पहिली.

कडूबा : बँड लावला होता मी!

पुष्पांजली : लावला होता. अन् मग अमरावतीले गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पोहण्याचा तलाव पाह्यला. मी तुम्हाले विचारलं, पाणी निळं काऊन आहे? तुम्ही म्हणाले, नीळ टाकली असन, कपड्याले टाकतात तशी.

कडूबा : मंग मले काय ठाऊक खालच्या फरश्या निळ्या असतात म्हनून?

पुष्पांजली : शंभर मीटरची शर्यत. मी जीव खाऊन त्या टोकाले गेली अन् वर चढून उभी राह्यली. बाकीच्या साऱ्या वळल्या अन् परत निघाल्या. मले वाटलं, काही विसरलं असेल त्याइचं.

कडूबा : हसू नको. तरी बी पुण्याच्या हॉस्टेलवाल्या त्या सायबानं तुहंच नाव लिहून घेतलं का नाही? म्हने, अर्ध्या रस्त्यालोक ही पोरगी साऱ्याइच्या पुढं होती, हिले फक्त वळणं शिकवा लागते. मले विचारलं, कोनं शिकवलं हिले? म्या म्हनलं, उकंडरावच्या इहिरीनं. तो साहेब वहीत लिहाले लागला, म्हने उकंडराव सरांचा फोन नंबर द्या.

पुष्पांजली : अन् भोपाळ? भोपाळले काय केलं तुम्ही?

कडूबा : भोपाळचं काढू नको.

पुष्पांजली : सोळा वर्षांत एकदाच आले माझी स्पर्धा पाहाले. मी सांगितलं, बाबा, मी चार नंबरच्या लेनमध्ये आहे.

कडूबा : म्या चौथीच पाह्यली!

पुष्पांजली : त्या बाजूनं मोजली!

कडूबा : मले काय ठाऊक कोन्या बाजूनं मोजतात? साऱ्याइच्या डोक्यावर टोप्या, साऱ्याइच्या डोळ्यावर चष्मे. पाण्यात उतरल्यावर कोनाची पोरगी कोनती, देवाले बी समजत नसन.

पुष्पांजली : केरळच्या पोरीसाठी घसा बसेपर्यंत ओरडले. ती पहिली आली. तुम्ही पेढे वाटले. मी पाचवी आली होती, रडत बाहेर आली तर माझे बाप केरळच्या कोचले पेढा भरवून राह्यले!

कडूबा : चांगला मानूस होता तो. घरची केळीची चिप्स देल्ली त्यानं मले. ...पण तू हे हसण्यावारी नेऊ नको पुष्पे. मतलब, खरंच सोडलं?

पुष्पांजली : खरंच सोडलं.

कडूबा : विचार केला?

पुष्पांजली : चार महिने केला. रेल्वेनं कोच म्हणून घेतलं मले. मे महिन्यापासून पोरींना शिकवाले लागते. मले आवडते ते, बाबा.

कडूबा : अन् हे? हे जे एवढं खोदलं मी? अर्ध्या एकरातली झाडं काढली. लोक म्हनत, कडूबा, शेततळं चौकोनी असते, तू रस्त्यावाणी लांब काऊन खोदून राह्यला? म्या म्हनलं, माह्या पोरीसाठी हाय. साऱ्या वरवट बकालले सांगितलं, पोरगी इथं तयारी करनार हाय. उद्या चारशे लोकाइपुढं काय तोंड दाखवू मी?

पुष्पांजली : मले एकदा तरी विचारलं होतं का, खोदायच्या आधी?

कडूबा : बोलू नको माह्यासंग. हा पाह्य बसलो मी पाठ करून.

पुष्पांजली : बाबा.

कडूबा : नाही बोलत.

पुष्पांजली : बाबा, तो बेडूक माझ्या खांद्यावर बसला.

कडूबा : कोनत्या?

पुष्पांजली : दुखऱ्या.

कडूबा : हाकल त्याले!

गोजरबाई : अवं माय! पोरगी पाण्यात अन् बाप पाठ करून बसला! हे कोन्या देशाचं पोहणं हाय? पुष्पे, बरी हायेस का वं?

पुष्पांजली : बरी आहे आई. थोडी जांभई यायला लागली.

कडूबा : विचार तिले, विचार! काय केलं तुह्या पोरीनं विचार. पोहणं सोडलं म्हन्ते ती!

गोजरबाई : मले ठाऊक हाय.

कडूबा : तुले... कवापासून?

गोजरबाई : दिवाळीपासून.

कडूबा : दिवाळीपासून! अन् तोंडातून चकार शब्द नाही? दिवाळीले सांगितलं असतं त म्या तळं खोदलं असतं का?

गोजरबाई : सांगाले आलती ना मी! इथंच आलती. तुम्ही जेसीबीच्या बाजूले उभे होते, हातवारे करून राह्यले होते ट्रॅफिक पोलिसावाणी. म्या म्हनलं, अवो, पुष्पीचं थोडं बोलायचं हाय. तुम्ही म्हनले, बाजूले हो, बादली येऊन राह्यली. दुसऱ्या दिवशी आली, तवा बी बादली. तिसऱ्या दिवशी आली त ड्रायव्हरच म्हने, काकू, तुम्ही घरी जा, काका आयकत नाहीत, माह्यं बी नाही आयकत.

कडूबा : घरी त सांगता येत होतं!

गोजरबाई : घरी कवा होते तुम्ही? अन् असले त कागदावर रेघोट्या मारत. पंधरा दिवसापासून सांगून राह्यली, संत्र्याची पानं मुरगळली, फळ गळून राह्यलं, झाडाखाली लिंबाएवढाल्या संत्र्याइचा सडा पडला. ते आयकलं का? भरलं तळं उशाशी अन् झाडं तहानेनं मरून राह्यली. कोन्या शेतकऱ्यानं केलं असं आजलोक?

कडूबा : दोर आणला का?

गोजरबाई : हे घ्या. नुसत्या गाठी हायेत याले. गाठोडं उचलून आणल्यावाणी आणला.

पुष्पांजली : गाठी आहेत ते बरं आहे, आई. हात सरकणार नाही. बाबा, तारेच्या त्या लोखंडी खांबाले बांधा अन् टाका माझ्याकडं.

कडूबा : बांधतो. पण पह्यले एक कबूल कर.

पुष्पांजली : काय?

कडूबा : एक नॅशनल. फक्त एक. खांद्याचं काय करायचं ते करू, मुंबईले दाखवू. चौथं आण, अन् मंग सोड खुशाल.

पुष्पांजली : नाही.

कडूबा : सातवी आली तरी चालन. आठवी आली तरी चालन! फक्त उतर म्हन्तो मी.

पुष्पांजली : नाही, बाबा. तुम्ही दोर नका टाकू, मी राहते इथं. पण कबूल नाही करणार.

गोजरबाई : लाज नाही वाटत? पोरीले पाण्यात ठेवून सौदा करता? आणा तो दोर इकडं!

कडूबा : ठेवतो! ठेवीन नाही त काय करू? आता दोर टाकला की ती निंघन. निंघन अन् चार दिवसात पुण्याले जाईन. मंग फोनवर 'हो बाबा', 'बरं बाबा', 'ठेवते बाबा'. बारा वरसाची होती तवा नेऊन सोडली तिले त्या हॉस्टेलात. सोळा वरीस झाले, गोजर. सोळा वरसात माह्यासंग एका जागी अर्धा घंटा बसली नाही ती. आज बोलली. पाण्यात अडकली म्हनून बोलली. भोपाळचं काढलं तिनं, हसली... मी किती दिवसानं आयकलं तिचं हसणं.

पुष्पांजली : बाबा...

कडूबा : गोल्डचं काय घेऊन बसली तू? तीन हायेत, कपाटात काळे पडून राह्यले. चौथं कुठं ठेवू? मले वाटलं, तळं असलं त तीन महिने पोरगी घरी राहीन. एवढंच.

गोजरबाई : ह्याच्यासाठी तळं खोदलं तुम्ही?

पुष्पांजली : त्याच्यासाठी तळं कशाले लागते, बाबा? 'घरी ये' म्हणायचं होतं.

कडूबा : म्हनलं की! दरसाल म्हनलं. दिवाळीले म्हनलं, पोळ्याले म्हनलं, तुह्या मामाच्या पोरीच्या लग्नाले म्हनलं. तू म्हने, बाबा, प्रॅक्टिस हाय. मंग म्या प्रॅक्टिसच घरी आणली.

गोजरबाई : ...काय मानूस हाय हा! आता पुसा ते डोळे. अन् दोर द्या.

कडूबा : पुसले. पोरी, आला पाह्य दोर. धर!

पुष्पांजली : लांब पडला. अजून इकडं.

कडूबा : आता धर!

पुष्पांजली : बाबा, बेडकाले लागला. आईला टाकू द्या.

गोजरबाई : सरका. कदी गोफण फिरवली असन त येईन ना. घे वं पुष्पे!

पुष्पांजली : आला. धरला. ओढू नका तुम्ही, नुसता धरून ठेवा. गाठीगाठीनं येते मी वर.

कडूबा : हळू ये. दुखऱ्या हातावर जोर देऊ नको. हां... हां... शाब्बास! अजून दोन गाठी. गोजर, धर तिले! आली! आली बा!

गोजरबाई : आली माय माही. शेवाळानं कशी माखली पाह्य. घे, पदर घे माह्या, तोंड पूस.

पुष्पांजली : आई, बसते जरा इथंच.

कडूबा : बस. खाली बस. पाणी पेतं का?

पुष्पांजली : पाणी नको, बाबा!

गोजरबाई : अन् तुम्ही काय उभे राह्यले? ती मोटर चालू करा पह्यले.

कडूबा : आत्ता? उद्या पूजन हाय, पाणी उतरन ना.

गोजरबाई : उतरू द्या.

कडूबा : ...पुष्पे, करू का चालू?

पुष्पांजली : करा ना, बाबा. संत्र्यासाठीच असते शेततळं.

(मोटर सुरू झाल्याचा आवाज.)

गोजरबाई : आयका. पंधरा दिवसानं आयकला हा आवाज. आता आज रातच्याले मले झोप येईन.

पुष्पांजली : अन् बाबा, चारी दोर सुटे करा, आजच्या आज लावा जागच्या जागी. ट्यूबाही. उद्या गावातली पोरं येतील, एखादं सरकलं आत तर?

कडूबा : लावतो. फोटोत येतीन पण त्या ट्यूबा.

पुष्पांजली : येऊ द्या. मी ट्यूब धरूनच फोटो काढते उद्या.

कडूबा : अन् माइकवर काय सांगू मी? चारशे लोकाइले बोलावलं. म्हनतीन, चॅम्पियनचा तलाव पाहाले आलो अन् कडूबानं शेततळं दाखवलं.

गोजरबाई : तसे बी ते जेवाले येऊन राह्यले. बुंदी चांगली झाली त कोनी नाही विचारत तुमाले.

पुष्पांजली : खरं ते सांगा. म्हणा, पोरीनं पोहणं थांबवलं, आता शिकवते. हे तळं संत्र्यासाठी खोदलं.

कडूबा : पन्नास मीटर काऊन खोदलं म्हनतीन.

पुष्पांजली : पंचेचाळीस.

कडूबा : आज रातलोक चव्वेचाळीस होईन. ...तू कवा जातं मंग पुण्याले?

पुष्पांजली : चाळीस दिवसांची रजा आहे माझी.

कडूबा : चाळीस? अन् सांगितलं नाही!

पुष्पांजली : सांगणार होती. तुम्ही तुरटीचं काढलं.

कडूबा : चाळीस दिवस! अन् प्रॅक्टिस?

पुष्पांजली : नाही.

कडूबा : सकाळची बी नाही?

पुष्पांजली : नाही, बाबा.

कडूबा : मंग पहाटे चारले उठून काय करशीन तू?

पुष्पांजली : झोपीन. तुम्ही फोन नाही केला म्हणजे.

कडूबा : कोनता फोन?

पुष्पांजली : तोच. सोळा वर्षं रोज चारले. हॉस्टेलात आधी वॉर्डनच्या फोनवर, मग माझ्या. 'उठली का?' म्हणून. सगळ्या पोरी म्हणायच्या, तुझ्या बापाला घड्याळ म्हणून भिंतीवर लावा.

कडूबा : उठवाले नव्हतो करत मी.

पुष्पांजली : मग?

कडूबा : मलेच झोप नसे. एवढ्या खोल पाण्यात उतरनार पोरगी, अंधार असते बाहेर. उतरायच्या आधी एकदा आवाज आयकला की मंग लागे डोळा मले.

पुष्पांजली : ...कधी सांगितलं नाही हे.

कडूबा : तू तरी कुठं सांगितलं मले, थकली म्हनून?

पुष्पांजली : थकली, बाबा. लय थकली.

कडूबा : मंग नीज. उद्या कोनी हाक मारनार नाही तुले. गोजर, कोंबडा बी झाकून ठेव. आठ वाजू दे, नऊ वाजू दे.

गोजरबाई : पूजन आठले हाय. भटजी साडेसातले येऊन बसतीन.

कडूबा : बसू दे. चहा पाज त्याइले. माही पोरगी सोळा वरसानं झोपली, म्हनाव.